वरचीनं सावरायचं नाही

या, जरा पुढं सरका. खांबाला टेकून बसलेल्यांनीही या, तिथं नीट ऐकू येत नाही. आज एक आख्यान लावणार आहे, पण ते पुराणातलं नाही. अजून उजाडायच्या दिवसांतलं आहे. त्यात देव प्रकट होत नाही, विमान उतरत नाही. एक पोरगी दुसरीच्या तळहातांवर उभी आहे, एवढंच त्यात आहे. पण ती उभी राहते की पडते हे कळेपर्यंत तुम्हाला उठावंसं वाटणार नाही, एवढा शब्द देते.

साल दोन हजार एकेचाळीस, गाव अंबाजोगाई. चिअरलीडिंग म्हणजे क्रिकेटच्या मैदानाकडेला झिरमिळ्या हलवणं, अशी कुणाची समजूत असेल तर ती चपलांसोबत बाहेर ठेवावी. तोवर तो खेळ राज्यस्पर्धांत येऊन चांगला रुळला होता. अडीच मिनिटांचा खेळ. कोलांट्या, उड्या, नाच, आणि मधोमध स्टंट, म्हणजे माणसानं माणसाला उचलून वर उभं करणं. आपल्या गोष्टीतला स्टंट तिघींचा आहे. खाली उभी राहून दोन्ही हात डोक्यावर ताठ करते आणि तळहातांवर दुसरीचं पाऊल पेलते, ती बेस. तिच्या मागं उभी राहून घोट्याला हात लावून असते आणि पडलीच तर मान-पाठ झेलते, ती बॅकस्पॉट. आणि त्या तळहातांवर, जमिनीपासून सहा-सात फुटांवर, एका पायावर उभी राहून हसते ती फ्लायर. हसणं सक्तीचं, त्याचेही गुण असतात.

उभारी क्रीडा मंडळाच्या संघात बेस होती शेवंता गित्ते. वीस वर्षांची, आईच्या पिठाच्या गिरणीत डबे उचलून खांदे कमावलेली. फ्लायर नीलाक्षी कुलथे, सराफाची मुलगी, पाचवीपासून शेवंताच्या बाकावर बसलेली. मागं रेहाना शेख. उंच, शांत, आणि एकदा बोलली की पुन्हा तेच न सांगणारी. आणि या सगळ्यांना शिकवणाऱ्या कुमुद चौसाळकर, म्हणजे कुमुदताई. वय त्रेपन्न, शाळेत खेळाच्या बाई, तरुणपणी जिम्नॅस्ट. दर सप्ताहाला कीर्तनात टाळकऱ्यांच्या ओळीत त्या डावीकडून तिसऱ्या उभ्या असत. स्टंट आठ आकड्यांत मोजतात, आणि भजनी ठेक्याच्या मात्राही आठच. ताईंच्या मते ही दोन्ही भावंडं एका घरची होती. म्हणून त्या पोरींना टाळ वाजवून मोजायला शिकवत, आणि पोरी मोठ्यानं मोजत. हॉलवरून जाणाऱ्याला आत भजन चाललंय की व्यायाम, हे कळत नसे.

ताईंचा पहिला नियम होता: वरचीनं सावरायचं नाही.

हा नियम उलटा वाटतो, म्हणून समजून घ्या. हाताच्या तळव्यावर एक लांब काठी उभी धरून बघा. ती कलते, तुम्ही हात तिकडं सरकवता, ती परत सरळ होते. थोड्या सरावानं कुणालाही जमतं. जमतं, कारण काठीला स्वतःचं मत नसतं. आता समजा त्या काठीला अक्कल आली आणि कलल्याबरोबर तीही स्वतःला ओढून सरळ करायला लागली, तर? तुमचा हात पोचेपर्यंत ती तिथं नसणार. स्टंटमध्येही असंच. वरचीनं गुडघा बांधायचा, पोट आत, नजर समोर, आणि लाकूड व्हायचं. तोल सांभाळायचं काम खालचीचं. वरचीला वाटतं आपण पडतोय, तरी घोटा वाकवायचा नाही. हे सांगायला एक मिनिट लागतं आणि शिकायला दोन वर्षं.

आता यंत्राकडं येते.

माणूस उभा असतो तेव्हा तो स्थिर असतो, असं आपल्याला वाटतं. खरं तर तो सारखा थोडा थोडा पडत असतो आणि सारखा सावरत असतो. कानाच्या आतल्या नळ्यांमधलं पाणी हलतं, तळपायाला दाब कळतो, डोळे क्षितिज धरून असतात. या तिघांच्या निरोपावरून मेंदू पोटऱ्यांना हुकूम सोडतो. तो हुकूम विजेच्या बारीक लहरीसारखा स्नायूत येतो, आणि शरीर हलतं त्याच्यानंतर. मधे अगदी थोडा वेळ जातो, पापणी लवते तेवढाच. पुण्यातल्या काही मंडळींनी ती लहर कातडीवरूनच वाचणारा पातळ पट्टा बनवला. घोट्याला आणि कमरेला बांधायचा. लहर आली की पट्टा हिशेब करतो: ही बाई आता कुठल्या बाजूला जाणार. आणि ती जायच्या आत खालच्या मुलीच्या मनगटावरचा पट्टा त्या बाजूला थरथरतो. पट्ट्याचं नाव ठेवलं होतं ‘चाहूल’.

जानेवारीत वसुंधरा टाकसाळे नावाच्या इंजिनिअर बाई तो पट्टा घेऊन हॉलवर आल्या. संघानं तो बांधून पाहिला आणि पहिल्याच दिवशी शेवंता म्हणाली, “ताई, हे म्हणजे नीलूच्या पोटातलं मला कळायलंय.”

“माझ्या पोटात काय आहे आत्ता?” नीलाक्षीनं विचारलं.

“भजी.”

सगळ्या हसल्या. पण ताई हसल्या नाहीत. त्यांना वेगळंच काही आठवत होतं. एकोणिसाव्या वर्षी त्या दांडीवरून पडल्या होत्या. हात सुटला हे त्यांना जमीन लागल्यावर कळलं. त्या वसुंधराबाईंना म्हणाल्या, “हे खालच्या मुलीला कळतं. वरचीला का नाही कळत?”

“वरचीसाठी आम्ही केलेलं नाही, मॅडम. चाचण्या फक्त खालच्या हातांवर झाल्यात.”

“जिचा जीव वर टांगलाय, तिलाच तेवढं सांगायचं नाही, हा कुठला न्याय? तिच्या घोट्यालाही थरथर द्या.”

वसुंधराबाईंना ते पटलं. कुणालाही पटावं असंच होतं ते. पुढच्या महिन्यात नवे पट्टे आले, त्यांत फ्लायरच्या घोट्यालाही थरथर होती. कंपनीला कल्पना इतकी आवडली की सगळ्याच संघांना तसे पट्टे गेले. जूनमध्ये राज्य संघटनेनं नियम काढला: खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी तिघींनाही चाहूल बंधनकारक, आणि स्पर्धेत ती चालू असल्याचा हिरवा दिवा पंचांना दिसला पाहिजे.

ताईंनी आपल्या पहिल्या नियमाला आपल्या हातानं भोक पाडलं होतं, आणि तेही मायेपोटी. पण हे त्यांना कळायला अजून वेळ होता.

पहिले काही महिने झकास गेले. पडण्याचं प्रमाण कमी झालं, कारण सोप्या स्टंटमध्ये पट्टा कामाचा होताच. एक मात्र झालं. पोरींचं मोजणं थांबलं. पट्टा सांगतो तर मोजायचं कशाला? वर जायच्या आधी नीलाक्षी शेवंताकडं बघायची, ती आता मनगटावरच्या दिव्याकडं बघायला लागली. हिरवा म्हणजे चला. सरावाच्या सुट्टीत दोघी आपापल्या मोबाईलवर चाहूलचे आपापले आलेख काढून बसत. रेहाना एकदा म्हणाली, “पूर्वी भांडत तरी होतात.” दोघींची बोटं आलेखावरच फिरत राहिली.

ऑगस्टमधल्या एका सकाळी संघ अवघड स्टंटचा सराव करत होता: एका पायावर, हात पूर्ण ताठ. नीलाक्षी वर गेली, हसली, आणि डावीकडं किंचित कलली. मग उजवीकडं जरा जास्त. मग डावीकडं एकदम. रेहानानं मान झेलली म्हणून पुढचं टळलं, पण खांदा मॅटच्या कडेवर आपटला आणि गळ्याखालचं आडवं हाड मोडलं.

शेवंता तिच्याजवळ गुडघ्यावर बसली होती. “ताई, मी धरायलाच सरकले,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. “ती तिकडं नव्हतीच. मी गेले तिकडं ती नव्हती.”

ताईंनी संध्याकाळी चाहूलचा अहवाल उघडला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: पडण्याची दिशा डावी, आधारहातांची हालचाल उजवीकडं. कारण: बेसची चूक. ही नोंद आपोआप संघटनेकडं गेली आणि शेवंताच्या नावापुढं जाऊन बसली. अशी नोंद असलेल्या मुलीला दुसरा कुठलाही संघ फ्लायरच्या पायाखाली उभं करत नाही. पुढं कोच व्हायची परीक्षाही तिला देता येत नाही. शेवंताला कोचच व्हायचं होतं. दुसरं काही तिनं कधी ठरवलंच नव्हतं.

“शेवंते,” ताई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “थोडे दिवस तू कोलांट्यांचं बघ. बेसला मी दुसरी कुणी घेते.”

“तुम्हालाही माझंच चुकलं वाटायलंय?”

ताईंनी हातातला अहवाल तिच्यापुढं केला. शेवंतानं तो घेतला नाही. बॅग उचलली आणि गेली. नीलाक्षीनंही अहवाल वाचला होता. हात गळ्यात अडकवून ती घरी बसली होती, आणि शेवंता भेटायला आली तेव्हा ती झोपली आहे असं आतून सांगण्यात आलं. ती झोपलेली नव्हती.

असे दोन महिने गेले.

कार्तिकात मारुतीच्या देवळातला सप्ताह संपला आणि सकाळी काल्याचं कीर्तन उभं राहिलं. कीर्तनाला केजकर महाराज. मृदंगावर नेहमीचे गृहस्थ आजारी, म्हणून परळीचे रावसाहेब आप्पा आले होते. वादक नामांकित, पण महाराजांबरोबर पहिल्यांदाच बसलेले. ताई टाळकऱ्यांच्या ओळीत डावीकडून तिसऱ्या.

महाराजांनी अभंगाचं चरण वर नेलं आणि एका शब्दावर जरा रेंगाळले. आप्पा कसलेले, त्यांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी महाराजांसाठी ठेका थोडा सैल केला. महाराजांनाही ते कळलं. आपल्यामुळं लय पडतेय असं वाटून ते पुढं धावले. मग आप्पा धावले. मग महाराज थांबले. टाळकऱ्यांच्या ओळीत आधी एकाचा टाळ चुकला, मग सगळ्यांचेच चुकले. दोन्ही माणसं आपापल्या कामात अव्वल, दोघंही दुसऱ्याला सांभाळत होती, आणि अभंग सांडत होता.

महाराजांनी हात वर केला आणि हसून म्हणाले, “आप्पा, मला सांभाळायला तुम्ही, तुम्हाला सांभाळायला मी, मग अभंगाकडं बघायचं कुणी? एकानं हलायचं, एकानं नाही. तुम्ही धरा. मी तुमच्यावर टेकतो.”

लोक हसले. आप्पाही हसले. ठेका लागला, आणि चरण असं वर गेलं की डोळे मिटावेत.

कुमुदताईंचा टाळ मात्र थांबलेलाच होता. शेजारच्या बाईनं त्यांना कोपरानं ढोसलं. ताईंनी टाळ तिच्या हातात दिले आणि काल्याचा प्रसाद न घेता देवळातून बाहेर पडल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी असं केलं नव्हतं.

तासाभरात त्यांनी हॉलवर रेहानाला आणि आणखी दोघींना बोलावून घेतलं. स्वतःच्या घोट्यांना चाहूल बांधली.

“मला उचला. गुडघ्याएवढंच.”

पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं धीर करून विचारलं, “ताई, तुमचं वजन किती आहे?”

“वय विचार, वजन विचारू नको. उचल.”

तिघींनी त्यांना गुडघ्याच्या उंचीवर उभं केलं. घोट्याला थरथर झाली तशा ताई सावरल्या. खालच्या हातांनाही थरथर झाली होती, तेही सावरले. ताई पलीकडं गेल्या. पुन्हा थरथर, पुन्हा दोन्हीकडून सावरणं, आता जास्त. तिसऱ्या हेलकाव्याला ताई मॅटवर बसल्या होत्या. मग त्यांनी घोट्याची थरथर बंद केली, हातांची चालू ठेवली, आणि लाकूड झाल्या. आठ आकडे झाले. सोळा झाले. पोरींचे हात भरून आले, पण ताई हलल्या नाहीत.

गोष्ट साधी होती. शेवंताच्या मनगटाला डावीकडची चाहूल लागली, तिनं हात डावीकडं न्यायला घेतले. पण तीच चाहूल नीलाक्षीच्या घोट्यालाही लागली होती, आणि तिनं स्वतःला उजवीकडं ओढलं. शेवंताचे हात डावीकडं पोचेपर्यंत वजन उजवीकडं निघून गेलं होतं. मग दोघी उलट फिरल्या, आणि पुन्हा चुकल्या. पट्ट्यानं शेवटचा क्षण तेवढा टिपला: मुलगी डावीकडं, हात उजवीकडं. खोटं काही लिहिलं नव्हतं. पण घोट्याचं सावरणं त्याच्या हिशेबात चूक म्हणून धरलेलंच नव्हतं.

रेहाना मॅटची घडी घालता घालता म्हणाली, “त्या दिवशी नीलूचा घोटा माझ्या हातात होता. आतून वळवळला. मी सांगितलं होतं.”

“कधी सांगितलंस?”

“तुम्ही अहवाल वाचत होतात तेव्हा.”

ताई तशाच गिरणीवर गेल्या. गिरणी जोरात चालू होती. ओळीनं डबे लागलेले, चार-पाच बायका उभ्या, आणि पिठानं भुवया पांढऱ्या झालेली शेवंता खुटी फिरवत होती.

“शेवंते, तुझी चूक नव्हती,” ताई म्हणाल्या.

“काय?” शेवंतानं कानाला हात लावला.

“चूक तुझी नव्हती, माझी होती.”

“ज्वारी का गहू?”

ताईंनी सगळा दम गोळा केला आणि मैदानावरच्या आवाजात ओरडून सांगायला सुरुवात केली. त्याच क्षणी शेवंतानं बटण दाबलं. गिरणीचा पट्टा सुस्कारत थांबला, आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं: “चूक माझी होती, मी पोरीच्या माथी मारली.”

डबे घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी डबे खाली ठेवले. शेवंताची आई आतून बाहेर आली. ताई घामाघूम झाल्या होत्या. त्यांनी सगळं सांगितलं. काठी, घोटा, महाराज, आप्पा, सगळं.

“ताई,” शेवंता हात पुसत म्हणाली, “तुम्ही पट्ट्याला विचारलंत. रागानं नाही म्हणत, पण तुम्ही मला एकदाही नाही विचारलंत.”

“नाही विचारलं.”

“मला पहिल्या आठवड्यात रडू आलं. मग नाही आलं. मग मलाच वाटायला लागलं, की चुकलं असेल माझं. ते जास्त वाईट होतं.”

ताई डब्यांच्या ओळीत एका पालथ्या पाटीवर बसल्या. शेवंताच्या आईनं त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि लेकीला म्हणाली, “आता किती घोळवशील? बाई उन्हातून आल्यात.”

“मी येते,” शेवंता म्हणाली. “पण नीलूच्या पायाखाली आपणहून नाही जाणार. तिला वाटलं तर तिनं यावं.”

नीलाक्षी तिसऱ्या दिवशी आली. हाड जुळलं होतं. उजव्या हातात ज्वारीचा डबा होता, निमित्ताला.

शेवंतानं डब्याचं झाकण उघडलं. “तुमच्याकडं तर पॅकेटचं पीठ येतं.”

“आता नाही येणार.”

“ही ज्वारी निवडलेली नाही. खडे आहेत.”

“मला निवडता येत नाही,” नीलाक्षी म्हणाली. शेवंतानं एक सूप तिच्यापुढं सरकवलं. दोघी गिरणीच्या पायरीवर बसून दुपारभर खडे काढत राहिल्या. झोपेचं सोंग घेतल्याचं नीलाक्षीनं तिथंच सांगितलं. “माहीत होतं,” शेवंता म्हणाली. “तू झोपलीस की घोरतेस. आवाज नव्हता.”

ताईंनी दरम्यान संघटनेला पत्र लिहिलं. उत्तर नम्र होतं: एका संघाच्या अनुभवावरून सुरक्षिततेचा नियम बदलता येत नाही. डिसेंबरच्या स्पर्धेनंतर विचार करू. तोवर तिघींचेही पट्टे चालू हवेत. शेवंता गित्ते यांच्या नावापुढील नोंद पुराव्याअभावी कायम.

“मग आपण खालचा स्टंट करू,” ताई संघाला म्हणाल्या. “खांद्याच्या उंचीवरचा. गुण कमी मिळतील, पण कुणी पडणार नाही.”

“आणि शेवंताच्या नावापुढचं वाक्य?” नीलाक्षीनं विचारलं.

“ते पुढं बघू.”

“ताई, ते वाक्य माझ्या घोट्यामुळं आहे. पट्टा चालू राहू दे. तो सांगेल, मी ऐकणार नाही. मी हलले नाही आणि तरी उभी राहिले, तर तोच पट्टा ते लिहील. मग पुरावा झाला ना?”

ताईंनी नाही म्हटलं. दोन दिवस नाही म्हटलं. मग त्यांनी शेवंताला विचारलं; या वेळी विचारलं. शेवंता म्हणाली, “तिला लाकूड होता आलं, तर मी तिला पडू देणार नाही. पण आधी जमिनीवर जमू द्या.”

जमिनीवरही जमेना. ऐकणार नाही म्हणणं सोपं, पण घोटा कुणाचं ऐकत नाही. ताई मोबाईलवरून खोटी थरथर सोडत आणि नीलाक्षीचा पाय तिच्या आधी उत्तर देई. पाचव्या दिवशी ताईंनी टाळ काढले. म्हणाल्या, “आता मोजायचं. मोठ्यानं. विषम आकडे वरचीनं, सम आकडे खालचीनं. एक तू, दोन ती.” एकीचा आकडा संपला की दुसरीचा ऐकायचा, त्यात घोट्याकडं लक्ष द्यायला जागाच उरत नव्हती. आठवड्यानं नीलाक्षी बाकावर उभी राहिली. दोन आठवड्यांनी शेवंताच्या खांद्याच्या उंचीवर. मग वर. मधे चार वेळा ती रेहानाच्या हातांत आली आणि चारही वेळा रेहाना एवढंच म्हणाली, “आहे मी.”

स्पर्धा नाशिकला होती. सकाळचा पहिलाच गट. पंचांनी तिघींचे दिवे तपासले: हिरवे. संगीत सुरू झालं, कोलांट्या झाल्या, उड्या झाल्या, आणि तिघी मधोमध आल्या. शेवंतानं पाऊल घेतलं, गुडघे वाकवले, आणि नीलाक्षी वर गेली. हात ताठ, एक पाय वर, हसू.

“एक.”

“दोन.”

“तीन.”

“चार.”

“पाच,” नीलाक्षी म्हणाली, आणि डाव्या घोट्याच्या बाहेरच्या अंगाला थरथर झाली. तिचं मोडून जुळलेलं हाड आठवणीनं दुखलं. सगळं शरीर एकच गोष्ट मागत होतं: हल. मैदानाकडेला कुमुदताईंनी टाळ छातीशी दाबून धरले होते. नीलाक्षी समोर बघत हसत राहिली. तिनं आपलं सगळं वजन, ज्यात भीतीचंही होतं, खालच्या दोन तळहातांवर ठेवून दिलं.

“सहा,” खालून आवाज आला. तळवे बोटभर डावीकडं सरकले. थरथर विझली.

“सात.”

आता उजवीकडं. बारीक.

“आठ.” तीही विझली.

आणखी एक आठ बाकी होतं. ते कसं गेलं हे दोघींपैकी कुणालाच पुढं नीट सांगता आलं नाही. मग शेवंतानं हातांनी झटका दिला, नीलाक्षी हवेत सरळ झाली आणि खाली आली, शेवंताच्या आणि रेहानाच्या हातांत, पाळण्यात पडावी तशी.

“जड झालीस,” शेवंता तिच्या कानात म्हणाली.

“ज्वारीच्या भाकरी,” नीलाक्षी म्हणाली, आणि उरलेलं अर्धं मिनिट दोघी खरंखुरं हसत नाचल्या.

ताई खुर्चीवर बसल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. तेवढ्यात प्रेक्षकांतून वसुंधरा टाकसाळे धावत खाली आल्या, हातात आलेख. “मॅडम, वरच्या मुलीचा पट्टा बिघडलाय का? दोन इशारे गेले, तिनं एकालाही उत्तर दिलं नाही.”

“पट्टा ठणठणीत आहे. तिला ऐकू आलं होतं.”

“मग ती पडली कशी नाही?”

“बसा,” कुमुदताई शेजारची खुर्ची ओढत म्हणाल्या, “सांगते. पण आधी मला एक सांगा, तुम्ही कधी कीर्तन ऐकलंय?”

संघ चौथा आला. परतीच्या बसमध्ये पोरी भेंड्या खेळत गेल्या आणि ताई पहिल्यांदाच वाटेत झोपल्या, तोंड उघडं टाकून. रेहानानं त्यांचं डोकं खिडकीवर आपटू नये म्हणून मधे आपला हात धरला होता.

वसुंधराबाईंनी तो आलेख आणखी बारा संघांवर ताडून पाहिला. ज्या संघटनेनं इतके दिवस बेसच्या चुका म्हणून नोंदी ठेवल्या, तिनंच त्या पुन्हा उघडल्या. मार्चमध्ये नियम बदलला: थरथर फक्त खालच्या हातांना, वरच्या घोट्याचा पट्टा नुसता वाचणार. राज्यभरच्या एकतीस मुलींच्या नावापुढची ती नोंद निघाली. शेवंतानं त्या उन्हाळ्यात कोचची परीक्षा दिली. त्यानंतर ती परभणीत शिकवते, आणि तिच्या हॉलवरूनही जाणाऱ्याला कळत नाही, आत व्यायाम चाललाय की भजन.

आता एक मागणं आहे, तेवढं ऐका आणि मग उठा.

नियम बदलला त्या पुस्तिकेवर नीलाक्षीचा फोटो आहे. हात पसरलेले, हसू असं की कुणाचंही मन हलकं व्हावं. फोटो खाली मनगटांपाशी कापलेला आहे. नोंद पुसली तेव्हा शेवंताच्या दोषाची ओळ गेली, हे फार चांगलं झालं. पण त्या सगळ्या कागदांत तिचं नाव तेवढ्या एकाच ओळीत होतं, तेही त्या ओळीबरोबर गेलं. आता या गोष्टीच्या कुठल्या कागदावर ती सापडायची नाही. म्हणून तुमच्यावर सोपवते. घरी जाऊन दिवा लावाल तेव्हा क्षणभर तिची आठवण काढा. शेवंता गित्ते, अंबाजोगाई. आईची गिरणी होती.